निघणाऱ्याचे गाणे

सांगलीहून मुंबईला निघाले तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती आणि एक हार्मोनियम. बसच्या वाहकाने त्या लाकडी खोक्याकडे पाहून "मावशी, शिलाई मशीन का?" असे विचारले आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. खरे सांगितले असते, तर "वाजवता का?" हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे मला पेटी शिकायला लागल्यापासून ठरवता आलेले नाही.

माझी सगळी नोकरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. 'शांतता राखा' ही पाटी तिथल्या भिंतीवर होती, आणि ती माझ्याइतकी मनापासून कोणी पाळली नसेल. निवृत्तीनंतर, ज्या वयात लोक शिकलेले विसरू लागतात त्या वयात, मी पेटी शिकू लागले. घरी सराव करताना खिडक्या लावून घ्यायच्या आणि पेटीवर जाड टॉवेल टाकायचा, असा माझा नियम होता. शेजारच्या देशपांडे वहिनींना ऐकू जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. शिकवणाऱ्या बाईंकडे गुरुपौर्णिमेला सगळे विद्यार्थी वाजवतात. दोन गुरुपौर्णिमा आल्या आणि गेल्या; दोन्ही वेळा माझा घसा बसला. पेटी वाजवायला घसा लागत नाही, हे बाईंनी माझ्या लक्षात आणून दिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

अशा मला गिरगावातली माझी मावसबहीण सुधा हिने फोन केला. "शालू, पेटी घेऊन ये. मी शब्द देऊन बसलेय."

तो शब्द असा होता. सुधाची जुनी मैत्रीण कमलताई लालबागला राहते. तिचा बायकांचा एक गाण्याचा गट आहे. त्याला नाव नाही. या बायका महिन्यातून एकदा परळमधल्या एका धर्मशाळेत जाऊन गातात. गावोगावचे लोक औषधोपचारासाठी परळला येतात आणि महिनेन् महिने तिथे राहतात. ज्याचे उपचार संपले आणि जो दुसऱ्या दिवशी गावी निघणार, त्याला कमलताई विचारते, "तुला कुठलं गाणं पायजे?" तो जे सांगेल ते गाणे त्या संध्याकाळी होते. धर्मशाळेत त्याला 'निघणाऱ्याचं गाणं' म्हणतात. गटाची पेटीवाली जिन्यावरून घसरली, मनगट प्लास्टरमध्ये गेले, आणि गेल्या महिन्यात एक गृहस्थ गाण्यावाचून गावी गेले. कमलताईला ते फार लागले होते. आता वाशीम जिल्ह्यातल्या एक रुखमाबाई निघणार होत्या.

"पण मी लोकांसमोर कधी..." मी म्हणाले.

"लोकांसमोर नाही गं. आजाऱ्यांसमोर," सुधा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

*

पहाटे दादरला उतरले. फुलबाजार जागा झालेला होता. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटांचा वास आणि डोक्यावर पाट्या घेऊन "बाजू, बाजू" करत धावणारी माणसे यांच्यामधून मी पेटी छातीशी धरून वाट काढली. टॅक्सीवाले काका उत्तरेकडचे होते. पेटी मागच्या सीटवर ठेवताना त्यांनी विचारले, "मशीन है क्या, बहनजी?" बसमधले खोटे मुंबईपर्यंत टिकवणे भाग होते. मी मान डोलावली. गाडीने खड्ड्यात उडी घेतली आणि मागून पेटीने एक लांब, करुण सूर काढला. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. "अच्छी मशीन है," ते म्हणाले. गिरगाव येईपर्यंत ते गालात हसत होते.

सुधाची चाळ गिरगावातल्या एका अरुंद वाडीत आहे. लाकडी जिना, लांब गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, तुळशीच्या कुंड्या. पेटी वर चढवताना प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी दार उघडले. संध्याकाळपर्यंत 'सुधाकडे सांगलीच्या पेटीवादक आल्या आहेत' ही बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोहोचली. 'पेटीवादक' हा शब्द ऐकून मला खरोखरच घसा बसल्यासारखा वाटू लागला.

सुधाने मला मिसळ खाऊ घातली आणि वर पियूष (केशर-जायफळ घातलेले घट्ट श्रीखंडी पेय) पाजले. मग चौपाटीवर नेले. सूर्य बुडत होता आणि वाळूवर अर्धी मुंबई पाय पसरून बसली होती. तिथे मी तिला म्हटले, "सुधा, मला थोडी कणकण वाटते."

सुधाने माझ्या कपाळाला हात लावला. "कपाळ गार आहे. भीतीला ताप येत नाही," ती म्हणाली. "हे बघ, तुला परत जायचं असेल तर उद्या सकाळी बसमध्ये बसवून देते. पण मग तू कमलला सांगायचंस. मी नाही."

कमलताईला मी अजून पाहिलेही नव्हते. अनोळखी बाईला नकार देणे आणि अनोळखी लोकांसमोर वाजवणे, यांत अधिक भयंकर काय, याचा मी रात्रभर विचार केला. नकार देण्यासाठी तोंड उघडावे लागते. पेटीसाठी ते लागत नाही. म्हणून मी राहिले.

*

दुसऱ्या दिवशी लालबागला तालमीला गेले. मसाल्याच्या दुकानांच्या गल्लीतून जाताना नाकात मिरचीचा खकाणा गेला आणि माझ्या शिंका थांबेनात. दुकानदारांना त्याचे काही नव्हते. एकाने माझ्याकडे पाहून प्रेमाने सांगितले, "नवीन हायत वाटतं. शिंका सरळ, ताई, शिंका. मोकळं वाटतं."

लाल डोळ्यांनी आणि वाहत्या नाकाने मी कमलताईच्या दारात उभी राहिले. कमलताई ठेंगणी आणि सत्तरीला टेकलेली. आवाज मात्र पोलादी. मूळची मालवणची. वडील आणि नवरा दोघेही गिरणीत होते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"सुधा, हिका रडवलंस कित्याक?"

"मी नाही, मसाल्याने," सुधा म्हणाली.

खोलीत सात-आठ बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. ढोलकीवर वनिता होती. चाळिशीची, शिवडीला एका गोदामाच्या कचेरीत काम करणारी. तिच्या वडिलांची भीमगीतांची पार्टी होती आणि ढोलकी ती त्यांच्याकडूनच शिकलेली. गटात तिच्यामुळे भीमगीते होती, कमलताईमुळे भजने होती, आणि वरळी कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मावशींमुळे कोळीगीते होती. निघणारा काय मागेल याचा नेम नसतो. एकाने म्हणे लावणी मागितली होती.

"मग?" मी विचारले.

"मगे काय, म्हटली," कमलताई म्हणाली. "गाठोडा बांधून घराक चाललेलो माणूस. त्याका नाय कसा म्हणायचा?"

मी पेटी उघडली. मान खाली घातली, डोळे पट्ट्यांवर रोवले आणि वाजवू लागले. पहिल्या गाण्यात कोणी काही बोलले नाही, म्हणजे बरे चालले असावे असे मी धरून चालले. गाणे संपले तरी मी वाजवत होते. बऱ्याच वेळाने लक्षात आले की खोलीत फक्त पेटीच चालू आहे.

"ओ मॅडम," वनिता म्हणाली, "बाकीचे सगळे घरी गेले."

सगळ्या हसल्या. मीही हसले, अर्थात खाली बघूनच. कमलताईने नियम समजावून सांगितला. ती गाताना टाळ वाजवते. तिने टाळांचा हात डोक्याच्या वर नेला की ती ओळ शेवटची. त्यानंतर सगळ्यांनी एकदम थांबायचे. धर्मशाळेत हे फार महत्त्वाचे. आजारी माणसे दमतात, आणि जेवणाची वेळ ठरलेली असते.

"हात वर गेलो काय थांबायचा. समाजला?" (समाजला म्हणजे समजले.)

"समजलं," मी पट्ट्यांना सांगितले.

पुढच्या गाण्यातही मला हात दिसला नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. "लालबत्ती दिसत न्हाय का गो तुका?" कमलताई कळवळून म्हणाली. मी क्षमा मागितली. मान वर करून वाजवण्याचा प्रयत्नही केला. पण समोर आठ चेहरे दिसताच बोटे गोठली. शेवटी वनिताने तोडगा काढला. हात वर गेला की ती मला कोपराने ढोसणार.

तालमीनंतर कमलताईने आंबोळ्या (तांदूळ-उडदाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्यांची उसळ वाढली. तिसरी आंबोळी पानात पडली तेव्हा मी नको म्हणाले. "लाजतंस कित्याक?" ती म्हणाली, आणि चौथी पडली.

*

धर्मशाळेचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. त्या सकाळी वनिता मला शिवडीला घेऊन गेली. "टेन्शन आलंय ना तुम्हाला? चला, आमचे पाहुणे दाखवते," ती म्हणाली.

गोदामांच्या भिंती, उभे ट्रक, डिझेलचा वास आणि दोऱ्यांची वेटोळी यांच्यामधून आम्ही धक्क्यावर आलो. ओहोटी होती. समोर दूरवर करडा चिखल पसरला होता, त्याच्या पलीकडे समुद्रावरचा नवा लांब पूल धुक्यात अर्धा बुडालेला. आणि त्या चिखलात, जिथे सौंदर्याची अपेक्षा मी कधीच केली नसती, तिथे हजारो रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे होते. फिकट गुलाबी, काड्यांसारख्या पायांवर तोललेले. त्यांतला जवळजवळ प्रत्येक पक्षी मान खाली घालून चिखलात चोच फिरवत होता.

"बघा," वनिता म्हणाली, "सगळे तुमच्यासारखे. मान खाली. पेटी वाजवतायत."

मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी, कोणास ठाऊक. शेजारी उभा असलेला एक ट्रकचालक चहाचा पेला हातात धरून आमच्याकडे वळून बघू लागला, तरी माझे हसू थांबले नाही.

परत येताना मी वनिताला विचारले की दिवसभर काम करून ती हे सगळे कशासाठी करते. असे प्रश्न मी सहसा विचारत नाही. 

"खरं सांगू? आधी वाटायचं, आपण काहीतरी देतोय. थोडी शायनिंग पण मारायचे मी ऑफिसात. मग पप्पा गेले. ढोलकीला हात लावावासा वाटेना. त्या महिन्यात धर्मशाळेत नुसती जाऊन बसले. तिथल्या एका आजीने माझे पाय चेपले, मॅडम. स्वतः आजारी बाई. तेव्हापासून कोण कोणाला देतंय याचा हिशोबच सोडून दिला. जायचं, वाजवायचं, यायचं."

*

परळची धर्मशाळा मोठ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. फाटकाशी आले आणि माझे पाय थांबले. आतल्या चौकात माणसे जमू लागली होती. काही तोंडाला फडके बांधलेली, काही डोक्याला रुमाल गुंडाळलेली, काही नुसतीच थकलेली. त्यांच्या मागे वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा. कुठून कुठून आलेले हे लोक, आणि यांच्यासमोर मी टॉवेलखाली शिकलेली पेटी वाजवणार! त्या क्षणी फाटकाबाहेर रिकामी टॅक्सी उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. वनितानेही पाहिले. तिने माझ्या हातातून पेटी काढून घेतली आणि आत चालू लागली. पेटी आत गेल्यावर मला मागोमाग जाण्यावाचून उपाय उरला नाही.

रुखमाबाई पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, हिरव्या लुगड्यातल्या. डोक्यावरचे केस नुकतेच पुन्हा उगवू लागलेले. त्यांवरून पदर घट्ट ओढलेला. शेजारी त्यांचे यजमान, गुडघ्यांवर हात ठेवून. स्वयंपाकघराच्या दारात राजाभाऊ नावाचे आचारी पळी घेऊन उभे होते. धर्मशाळेतल्या एका बाईंनी मला हळूच सांगितले की रुखमाबाई इतक्या महिन्यांत फारशा बोललेल्या नाहीत.

एक भजन झाले, एक कोळीगीत झाले. दोन्ही वेळा वनिताच्या कोपराने चोख काम केले. मग कमलताई रुखमाबाईंच्या पुढ्यात जाऊन बसली.

"रुखमाबाय, उद्या निघालंस. तुला कुठलं गाणं पायजे?"

"मले काई नको, बाई."

"असं नाय चालत. निघणाऱ्यान सांगायचाच असता."

रुखमाबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मला तो हावभाव ओळखीचा वाटला. माझे आख्खे तारुण्य मी तो करण्यात घालवले आहे.

"मले गानं कुठी येते? आमी जात्यावर म्हनत होतो, तेवढंच. पन थे का गानं हाय?"

"हायच तर. म्हण."

"तुमाले येते?"

कमलताईने बायकांकडे पाहिले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. कोणालाच ती चाल ठाऊक नव्हती. "नाय येत," कमलताई म्हणाली, "तू म्हण. आम्ही मागून येव." आणि तिने माझ्याकडे बघितले, हे मला न बघताही कळले. साथ आता फक्त पेटी करू शकणार होती.

रुखमाबाईंनी डोळे मिटले. आवाज आधी फुटेचना. खाकरल्या, थांबल्या, यजमानांकडे बघितले आणि कसाबसा सूर लावला. आवाज कापत होता. तो पहिल्याच ओळीत मोडला असता, तर त्या पुन्हा गाणार नाहीत, हे मला इतके स्पष्ट दिसत होते, की माझी स्वतःची भीती त्या क्षणी कुठे गेली ते कळले नाही. मी पट्टी शोधू लागले. एक दाबली, ती नव्हती. दुसरी दाबली, तीच. त्यांच्या सुराखाली मी पेटीचा सूर अलगद सरकवला. लहान मूल चालायला लागले की आपण त्याच्या पाठीमागे हात धरतो, न लावता, तसा.

आयुष्यभर गप्प बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट चांगली येते: ऐकणे. ती चाल चारच सुरांची होती. वर जाई, थोडी थांबे, आणि गोल फिरून जागेवर येई. दुसऱ्या फेरीला ती माझ्या बोटांत बसली. रुखमाबाईंचा आवाज स्थिर झाला.

*दूर माझं मंगरूळ, दूर ज्वारीचं शिवार,*
*परळाच्या धर्मशाळे, तुह्या दारी लाभला आधार.*

ढोलकीही हळूच आत आली. ओवीमागून ओवी येत होती. एक लेकीवर, एक दारातल्या गाईवर, एक डॉक्टरीणबाईंवर. मी मान खाली घालून ऐकत होते आणि भाता ओढत होते. एकदा कोपराचा ढोसा लागल्यासारखे वाटले. पण दाटी फार होती, मला ते तिचे हलणे वाटले. चाल गोल होती. ती कुठे संपते हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे काय झाले ते मला नंतर समजले. चौथ्या ओवीला कमलताईने टाळांचा हात वर केला. ढोलकी थांबली. वनिताने मला ढोसले. पेटी मात्र थांबली नाही. रुखमाबाईंनी क्षणभर पाहिले, पेटी चालू आहे म्हणजे अजून म्हणायचे आहे असे समजल्या, आणि पुढची ओवी जोडली. पेटी चालू म्हणून ढोलकी पुन्हा चालू झाली. कमलताईचा हात तसाच वर.

आता ओव्या गावावरून धर्मशाळेवर आल्या. पहिला मान राजाभाऊंना मिळाला.

*राजाभाऊचं वरन असं, मीठ त्यात नावापुरतं,*
*आग्रहाच्या बोलानं त्याच्या पोट माझं भरे पुरतं.*

चौकात हशा उसळला. राजाभाऊंनी पळी कपाळाला लावली. कोणीतरी ओरडले, "रुखमामावशी, माझ्यावर म्हणा!" मग दुसरे, "माझ्यावर!" पहारेकऱ्यावर एक ओवी झाली, त्यांच्या खोलीतल्या बंगाली बाईवर एक झाली. त्या बाईला शब्द कळले नाहीत, पण आपले नाव कळले, आणि तिने तोंडावरचे फडके बाजूला करून हसून दाखवले. मग आवाज थोडा हळू झाला.

*धनी माझे शिकले गं माझ्यापायी रांधायाले,*
*भाकरीचा झाला नकाशा, गोड लागे खायाले.*

"नकाशा? कुठला हो, वाशीमचा का?" मागून कोणी विचारले. यजमानांनी मान वळवली आणि उपरण्याने डोळे पुसले. हसत होते की रडत होते, कळायला मार्ग नव्हता. हे सगळे माझ्या कानांवर येत होते. मी मात्र पट्ट्यांच्या बाहेर पडले नव्हते. आणि मग त्याच चालीवर, त्याच आवाजात आले:

*पेटीवाली बाई माझी, मान तिची खाली खाली,*
*ओठ तिचे मिटलेले, बोटातून बोलू आली.*

मी मान वर केली.

समोर सगळे होते. सतरंजीवर, पायऱ्यांवर, वरच्या गॅलरीत, चादरींच्या आडून डोकावणारे. सगळे माझ्याकडे बघत होते आणि सगळे हसत होते, आणि त्यांत मला घाबरावे असे काही सापडेना. मी शोधून पाहिले. रुखमाबाईंचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. त्यांचे आखूड केस दिव्याखाली चमकत होते. माझी बोटे थांबली. भात्यातली उरलेली हवा एका लांब सुस्काऱ्यासारखी बाहेर पडली.

त्या शांततेत राजाभाऊ म्हणाले, "वरण गार झालं. आता मीठ घालूनच गरम करतो."

*

जेवायला आम्हालाही बसवले. वरणात मीठ अंमळ जास्तच पडले होते. कमलताई डाव्या हाताने उजवा खांदा चोळत माझ्याजवळ आली. आता बोलणी बसणार, म्हणून मी क्षमा मागायला तोंड उघडले.

"गप," ती म्हणाली. "हात वर धरून धरून खांदो गेलो माझो. इतक्या वर्षांत असा गाणा झाला न्हवता. आता नियम बदललो. हात वर करूचो नाय. पेटीवालीन मान वर केल्यान काय थांबायचा."

"म्हणजे कधीच नाही," वनिता म्हणाली.

निघताना रुखमाबाईंनी माझा हात हातात घेतला आणि माझी बोटे एकेक करून उलटसुलट पाहिली, जणू त्यांत काही लपवले आहे. "येजा मंगरूळले," त्या म्हणाल्या. "जातं हाय घरी. पेटी घेऊन येजा." मी येईन म्हणाले. निघणाऱ्याला काही द्यायला म्हणून मी गेले होते. जाऊन चार सूर दिले, तेही त्यांचेच.

दुसऱ्या दिवशी सुधाने मला दादरला बसमध्ये बसवले. वाहकाने पेटीकडे बोट दाखवून विचारले, "काय आहे त्यात?"

"पेटी," मी म्हणाले. "हार्मोनियम."

"वाजवता का?"

"हो."

घाट चढून गाडी देशावर आली, उसाची शेते सुरू झाली, तरी मी त्या एका 'हो'कडे नव्या दागिन्याकडे पाहावे तसे पुन्हा पुन्हा पाहत होते. एवढ्या उशिरा सुरुवात करणाऱ्याने नीट येईपर्यंत कोणासमोर जाऊ नये, असे मला वाटत आले होते. नीट येण्याची वाट पाहत राहिले असते, तर रुखमाबाई गाण्यावाचून गेल्या असत्या. आणि माझ्यावर ओवी रचणारे या जगात कोणी आहे, हे मला कधी कळले नसते.

घरी आल्यावर संध्याकाळी पेटी उघडली. टॉवेल धुवायला टाकलेला होता. खिडकी लावायला उठले आणि तशीच परत येऊन बसले. त्या चार सुरांची चाल दोनदा फिरली असेल, तोच खिडकीत देशपांडे वहिनी दिसल्या.

"आज खिडकी उघडी कशी? पंखा बिघडला का?"

माझा भाता थांबला. "म्हणजे... तुम्हाला ऐकू येत होतं?"

"दोन वर्षं ऐकतोय की सगळे. बंद खिडकीतून जरा कमी येतं, एवढंच. आमच्या सासूबाई तर तुमची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडतात." त्या थोड्या घुटमळल्या. "त्यांना आता उठवत नाही हो. तुम्हाला विचारावंसं कितीदा वाटलं, पण तुम्ही अशा लाजऱ्या. पाच मिनिटं आमच्याकडे येऊन वाजवाल का?"

मी पेटीचे झाकण लावले, ती उचलली आणि दाराकडे निघाले. मग एक गोष्ट राहिली म्हणून खिडकीशी परत आले.

"वहिनी," मी विचारले, "त्यांना कुठलं गाणं पाहिजे?"